नमुन्याचे वावर पेरणीसाठी मोकळे करून मिळणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, सावळखेड,
जि. अमरावती.

विषय: अतिवृष्टी अनुदानाच्या तपासणीसाठी अडकवून ठेवलेल्या वावरात चणा पेरू देणेबाबत.
संदर्भ: गट क्र. ११२ च्या धुऱ्यावर (बांधावर) ठोकलेली आपल्या कार्यालयाची पाटी.

महोदय,

अर्जदार सौ. मनकर्णा पुंजाजी तायडे, मौजे धामणी, सविनय कळवते की, दसऱ्याच्या पावसात तिचे सोयाबीन उभ्या जागी सडले. नुकसान साऱ्या गावाचेच झाले. परंतु तपासणीला आलेल्या साहेबांना चिखलात उतरणे जमले नाही, म्हणून डांबरी सडकेला लागून असलेले अर्जदाराचे वावर 'नमुना' ठरले. वरचे पथक पाहून जाईपर्यंत त्यात नांगर-वखर घालू नये, अशी पाटी लागली. या एका वावरावरून सगळ्या गावाचे अनुदान ठरणार, असे सांगण्यात आले. खोटे कशाला बोलावे, त्या दिवशी अर्जदाराला थोडा मानही वाटला.

२. पथक अद्याप आलेले नाही. बाकीच्यांनी आपापली वावरे वखरून चणा पेरला, तो उगवलाही. अर्जदाराकडे विहीर नाही. जमिनीतल्या ओलीवर जे येईल ते. ती ओल रोज उतरून राहिली आहे आणि बियाणे घरात पडून आहे. अर्जदाराचे पती सकाळी वावरात जाऊन माती उकरून पाहतात व परत येतात.

३. अशात सडक्या शेंगांना कोंब फुटून वावर हिरवेगार झाले. सरपंच किसनराव घरोघर सांगत सुटले. पथकाने हिरवे पाहिले तर अनुदान बुडाले! तेव्हापासून गावातल्या बाया येऊन अर्जदाराचे वावर निंदून जातात. साहेब, पीक वाचवायला निंदतात हे ठाऊक होते. नुकसान टिकवायला निंदतात हे अर्जदाराने याच जन्मी पाहिले.

४. परवा अर्जदाराने बैल जुंपले, तर किसनराव वखरापुढे आडवे झाले. "मनकर्णाबाई, तुह्या वावरात साऱ्या गावाचा पैसा हाय. पातं टेकवलं तं गावात राहाचं काम नाही."

"मंग माह्या घरानं वर्षभर काय खावं, पाटी?" असे अर्जदाराने विचारले. त्यावर किसनरावांनी बैलच सोडून नेले. तलाठी कार्यालयात गेल्यावर कळले की, पाटी लावण्याचा हुकूम आहे, काढण्याचा नाही.

५. सबब, अर्जदाराला अनुदान नको. तिचे एकटीचे नाव यादीतून खुशाल कापावे, गावाला द्यावे. नमुना म्हणून तिच्या सडक्या शेंगा न्याव्यात, फोटो न्यावेत, हवे तर तिलाच गाडीत घालून पथकापुढे उभे करावे. पण पाटी काढायचा कागद द्या. या पेरणीवाचून घरात वर्षभर दाणा येणार नाही. साहेब, हात जोडते, पाया पडते, आता जीव थाऱ्यावर नाही.

आपली नम्र, आणि पार टेकीला आलेली,
सौ. मनकर्णा पुंजाजी तायडे
दि. ११ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) सातबारा उतारा.
२) कोंब आलेल्या शेंगांची पुडी.
३) वावरातली मूठभर माती. साहेबांनी हातात घेऊन दाबून पाहावी. आज सकाळी तिचा गोळा होत होता. आपल्या मुठीत भुगा झाला, तर ओल गेली समजून अर्ज फाडून टाकावा.