ब्रेकच्या आधीचं अंतर

२ डिसें.
दादाची तेरवी झाल्यावर आज पहिल्यांदा मोहाडीले कॉलेजात गेली. फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर गणित लिहिलं, एक मोटारसायकल ताशी ७२ किमीनं... मंग माझ्याकडे पाह्यलं. मोटारसायकल पुसली अन् बैलबंडी लिहिली. ताशी ७२ ची बंडी, ब्रेक मारून थांबते म्हणे! कोणी हासलं नाई. दादा पोट धरून हासला असता. मी उतरवून घेतलं. u = 20. उत्तर बरोबर आलं.

५ डिसें.
आईचं तेच चालू. जो भेटाले येईन त्याले सांगते, "म्याच फोन केला. ड्युटी सुटली का, लवकर ये म्हटलं, भात निवून राहिला. म्हणून पळवली त्यानं गाडी." लोकंही मान हलवतात. "उडवतच जाये पोट्टं." तिथं होतं कोण? धानाची ट्रॉली रस्त्यात उभी, मागे लाइट नाई. गाडी ट्रॉलीजवळ येऊन थांबली, ओरखडाही नाई. दादा पुढे फेकल्या गेला.
मले रडू येत नाई. राग येते, तोही थोडासाच.

६ डिसें.
वरठी रोड. ब्रेकचा काळा डाग अजून आहे. धानाच्या रोवणीची दोरी नेली होती, तिनंच मोजला. ट्रकवाला ओरडला, "मरना है क्या?" घरी येऊन दोरीले टेप लावला. १८ मी.
तो खरंच पळवत होता का, एवढंच पाह्यचं आहे. नसन तं आईले सांगता येईन, तुह्या फोननं काही झालं नाई म्हणून.

८ डिसें.
a, म्हणजे ब्रेकनं वेग किती झपाट्यानं घटते तो, किती घ्यावा, सरांले विचारलं. कायले, ते त्यांनी विचारलं नाई. "कोरडं डांबर असन तं सात घे. अंदाजच आहे तो."
2as = 252. बापा, एवढा वेग! मंग ध्यानात आलं, वर्गमूळ काढायचं राह्यलं.
15.9. म्हणजे ताशी ५७. मी मागे बसली का तेवढीच चालवे.

९ डिसें.
आईले सांगितलं. "आई वं, तो पळवत नव्हता. रोजच्यासारखाच होता."
ती तांदूळ निवडून राहिली होती. हात थांबला. बरं वाटलं असन तिले, असं मले वाटलं. मंग म्हणे, "तं मंग ब्रेक उशिरा काहून मारला?"
तिनं सूप बाजूले ठेवलं.
"म्या अजून एकदा फोन लावला होता. वाजला लय वेळ. त्यानं उचलला नाई."

ट्रॉली दिसली तिथून ब्रेक लागेपर्यंत गाडी सारख्याच वेगानं जाते. s = vt. तेवढ्याचा डाग रस्त्यावर पडत नाई. v आहे. t कुठून आणू?
आई पाहतच होती माझ्याकडे. करून पाहीन म्हटलं.