नववी ओळ

अकोला, बुधवार

प्रिय अनुप,

तुझ्या सत्काराची पत्रिका मिळाली. जाड कागद, सोनेरी अक्षरं आणि खाली तुझ्या हाताने लिहिलेलं, 'नक्की ये, मंजू'. सव्वीस वर्षांनी कुणी मंजू म्हटलं म्हणून जराशी सुखावले, खोटं कशाला बोलू. मग तुझ्या व्याख्यानाचा विषय वाचला, 'सुंदर सिद्धता आणि ईश्वर', आणि इतकी हसले की शेजारच्या कुलसुमबी दारात आल्या. त्यांना म्हटलं, अमरावतीचे एक मोठे प्राध्यापक रविवारी देवावर बोलणार आहेत. "त्यात हासासारखं काय हाय, बाई?" असं म्हणून त्या परत गेल्या. त्यांचंही बरोबर आहे.

गणिती लोक देवाचं नाव का घेतात ते तू रविवारी सांगशीलच. आपल्या दोघांना मात्र ते वानखडे सरांच्या शनिवारच्या तासाला कळलं होतं. मूर्तिजापूरच्या कबड्डी स्पर्धेत त्रेपन्न संघ, हरला तो बाद, तर एकूण सामने किती? तू फेऱ्या मांडल्यास, कुणाला पुढे चाल द्यायची त्याचे तक्ते काढलेस, दोन पानं भरलीस. सर म्हणाले, "अरे अनुप, एका सामन्यात एकच संघ घरी जाते. बावन्न संघ घरी पाठवाचे, तं सामने बावन्न." माझ्या अंगावर काटा आला. ते उत्तर कुणी तयार केल्यासारखं वाटतच नव्हतं, ते आधीपासून तिथे बसून होतं आणि आपण दोन पानं खरडत होतो. अशा वेळी माणसाला स्वतःचं नाव घ्यायला संकोच वाटतो आणि तो वर बोट दाखवतो. इतकी साधी गोष्ट आहे ती. निदान सरांच्या बाबतीत तरी होती.

सरांचा तो रिवाजही तू भाषणात घालशील, लोकांना आवडेल. ज्याने प्रश्न सोडवला त्याचं नाव सर सिद्धतेखाली फळ्यावर लिहायला लावायचे. सिद्धता फारच देखणी असली तर मात्र ओल्या फडक्याने ते नाव पुसून टाकायचे. दोन वर्षांत असं एकदाच घडलं, आणि ते नाव माझं होतं. ठिपके आणि ते जोडणाऱ्या रेषांचा प्रश्न होता. क्रमिक पुस्तकात त्याला अकरा पानं लागली होती, माझं काम बारा ओळींत झालं. सर बराच वेळ फळ्यासमोर उभे राहिले, मग नाव पुसलं आणि म्हणाले, "हे तुह्यं नाही, पोरी. हे वरच्याचं हाय." मी आनंदाने रडले. वेडीच होते. तू मागच्या बाकावर भराभर वहीत उतरवून घेत होतास, आणि मला वाटलं, किती कौतुक आहे याला माझं.

वर्षभरात त्या बारा ओळी तुझ्या नावाने छापून आल्या. तू पुण्याला निघालास तेव्हा बडनेरा स्टेशनवर मी तुला विचारलं. आरडाओरडा केला नाही, फक्त विचारलं. तू सामान वर चढवता चढवता म्हणालास, "मंजू, ते तुह्यं कुठं होतं? सरांनीच तं सांगतलं ना." आणि मी ते मानलं. सुंदर गोष्टीवर हक्क सांगणं म्हणजे ती बाटवणं, असं मला खरंच वाटायचं. आपलं लग्न ठरल्यासारखंच होतं, म्हणूनही मानलं असेल. लग्न तू पुण्यातच दुसरीशी उरकलंस, मोठा होऊन अमरावतीला परत आलास, आणि मी इथे आठवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवत राहिले. तू वाईट गणिती आहेस असं मी कधी म्हणाले नाही. वाईट गणिती निदान चुका तरी स्वतःच्या करतो.

माणसाचं नाव टाळायचं असलं की देवाचं घ्यावं, हे मी तुझ्याकडून शिकले. देव तक्रार करत नाही, कोर्टात जात नाही, स्टेशनवर येऊन उभा राहत नाही. पण देवाचा आणखी एक उपयोग आहे, तो मला गेल्या महिन्यात कळला.

गेल्या महिन्यात तुझी लेक आकांक्षा माझ्याकडे आली होती. दचकू नकोस, पुढे वाच. तिचा प्रबंध तुझ्या सिद्धतेवर उभा आहे आणि पोरगी नवव्या ओळीवर अडली होती. नवव्या ओळीत मी लिहिलं होतं, 'हे उघड आहे', कारण मला ते उघड होतं. तू तेही जसंच्या तसं उतरवलंस. तिने तुला तीनदा विचारलं, आणि तू तिला सांगितलंस की ती ओळ दिसते, समजावता येत नाही, ते देवाचं देणं आहे. अनुप, तुला ती ओळ सव्वीस वर्षांत कळलेली नाही. तिच्यावर तू नाव कमावलंस, शिष्य घडवलेस, आणि एवढ्या वर्षांत एकदाही बसून ती सोडवली नाहीस, किंवा बसलास आणि सुटली नाही. यातलं जास्त लाजिरवाणं कुठलं ते तूच ठरव. शेवटी ती मोर्शीला सरांकडे गेली. सर आता खाटेवरून उठत नाहीत, माणसं ओळखत नाहीत. तिने प्रश्न सांगितला तेव्हा मात्र म्हणाले, "ते मंजुषाले विचार."

मी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि दीड मिनिटात तिला ती पायरी लिहून दिली. पोरगी हुशार आहे. कागद तिने पाहिलाच नाही, माझ्याकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, हे मुळात कोणाचं हाय?" मी सगळं सांगितलं, फळा, वही, स्टेशन, काही गाळलं नाही. सौम्य करून सांगता आलं असतं. तिचा चेहरा उतरत गेला तसतसं मला बरं वाटत गेलं, आणि तिने माझं काहीही बिघडवलेलं नाही हे माहीत असूनही मी थांबले नाही.

प्रबंधात ती माझं नाव लिहिणार आहे. ते तुला छापून आल्यावर कळलंच असतं, त्यासाठी पत्राची गरज नव्हती. निघताना मात्र तिने माझे हात धरले आणि म्हणाली, "बाबाले सध्या काही सांगू नका. त्यांचा सत्कार तं होऊन जाऊ द्या." मी तिला शब्द दिला. तो आज मोडते आहे. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. रविवारी आकांक्षा पहिल्या रांगेत बसेल, तुझ्याकडे पाहून हसेल आणि तू सिद्धतेवर येशील तेव्हा सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवेल. ती तुला सांभाळून घेते आहे, हे तुला तिथे उभं असताना माहीत असावं, म्हणून लिहिलं.

एके काळी तुझीच,
मंजुषा