पाने-पक्कड जिन्याखाली आहे

इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा दर तीन सेकंदांनी लुकलुकतो आहे, म्हणजे यंत्रणा जोडणीसाठी तयार आहे. अकरा वाजता वीज कंपनीचे साहेब गच्चीवरची सौर जोडणी तपासायला येतील. बाहेरची वीज गेली की आपली यंत्रणा आपोआप बंद कशी होते, ते विचारतील. उत्तर तूच दे. काल मित्रांना सांगत होतास ना, "सगळं मीच बसवलं, ही नुसती पाने-पक्कड हातात देत होती"? दोन महिने उन्हात मी भाजले आणि शेखी तू मिरवलीस. वायरिंगचा आराखडा शोधू नकोस, तो मी नेते आहे. पाने-पक्कड जिन्याखाली ठेवली आहे. नऊ वर्षं ओठांवर अडकलेलं वाक्य आज सकाळी तुझ्या आईंसमोर मोठ्याने बोलले: "मी परत येणार नाही."