पेटवेमावशींचा पंखा

मेम्फिस,
१८ मार्च १९७४

प्रिय व्हर्डेलताई,

तुझं पत्र पोचलं. अकरा वर्षांनी आलं, त्यात पंधरा ओळी आणि त्यातल्या दहा हवापाण्याच्या. तरी बरं वाटलं. अक्षर अजून तस्संच आहे तुझं, शाळेतल्या बाईंसारखं ताठ.

मी खुशाल आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात. डॉक्टर म्हणतात सिगारेट सोडा. मी म्हटलं, दोन नवरे सोडले, आता आणखी किती सोडू? रविवारी दुपारी नदीकाठच्या एका हॉटेलात गाते. एके काळी माझ्यामागे नऊ वाजवणारे असायचे आणि गाडीवर माझं नाव रंगवलेलं असायचं. आता मी आणि एक पियानोवाला, तोही जरा बहिरा. आमचं छान जमतं.

ईस्टरनंतरच्या रविवारी आपल्या चर्चला पन्नास वर्षं होतात, ये आणि गा, असं लिहितेस. पण आधी रिवाजाप्रमाणे मंडळीसमोर उभी राहून सैतानाची गाणी गायल्याबद्दल माफी माग. पाद्री टॉलिव्हर यांची अट आहे म्हणे. ताई, तुला मी ओळखत नाही होय? अट त्यांची, शब्द तुझे.

वाचून आधी रागच आला. एकोणिसाव्या वर्षी मी बँडवाल्यांबरोबर गेले, तेव्हा गाणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढलंत, ते काढलंत. पण मी गायले ते आईनं शिकवलेल्या सुरांतच. देवाच्या जागी माणसाचं नाव घातलं, एवढंच. लोक ऐकून रडले आणि सोमवारी उठून कामाला गेले. त्यात सैतानाला काय मिळालं, मला अजून कळलेलं नाही. त्या गाण्यांची माफी मी मागणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हण हवं तर. पीळ आपल्या दोघींतही एकच आहे.

मग तुझ्या शेवटच्या दोन ओळी वाचल्या. 'आईच्या मातीलाही आली नाहीस. वर गाण्यात जगाला सांगितलंस की आम्ही तुझ्या तोंडावर दार लावलं.'

चार दिवस झाले, तीन कागद फाडले. आता लिहितेच.

मी आले होते, ताई. डेट्रॉइटहून बसनं आले. सामान बँडच्या गाडीत राहिलं होतं, अंगावर कार्यक्रमाचा लाल झगा, वरून कुणाचा तरी पुरुषी कोट. वाटभर भांडणाची तयारी केली. दारात अडवतील, मग मी अमुक म्हणेन, मग तमुक म्हणेन. भर दुपार होती. चर्चचं दार सताड उघडं होतं आणि आल्यागेल्याला आत बसवायला पेटवेमावशी नेहमीसारख्या पांढरे हातमोजे घालून उभ्या होत्या. त्यांना तेव्हा नीटसं दिसत नव्हतं. "ये बाई, आत ये, उकडतंय," म्हणाल्या आणि माझ्या हातात काडीचा, चित्र छापलेला कागदी पंखा दिला. कुणी अडवलं नाही. पुढे आईची शवपेटी दिसली, तुझी पाठ दिसली, आणि माझे पाय आत जाईनात. भ्याले मी. पंखा घेऊन मागे फिरले.

पण गेले नाही. खिडकीखाली, पिकानच्या झाडापाशी उभी राहिले. आई आधी ओळ सांगायची, मग मंडळी ती गायची; तिच्या जागी त्या दिवशी तू ओळी सांगायला उठलीस. नेहमीसारखा सूर फार वर धरलास. पहिली ओळ तू म्हटलीस, सगळ्यांनी लांबवून गायली. दुसऱ्या ओळीला तुझा आवाज फुटला आणि मंडळी थांबून राहिली. तेव्हा खिडकीतून कुणीतरी ती ओळ खालच्या सुरात उचलून दिली आणि गाणं पुढे गेलं. पेटवेमावशींनी तुला सावरलं असं सगळे म्हणतात, हे मला मावसबहिणीकडून कळलं. त्या नव्हत्या, मी होते.

वर्षभरानं ते गाणं केलं. आई आत, मी बाहेर, दार बंद. त्याच गाण्यानं मला नाव मिळालं. दहा वर्षं ते गाण्याआधी मी श्रोत्यांना सांगत आले, की माझ्या माणसांनी मला आत घेतलं नाही. आधी आधी मला ते खोटं आहे हे माहीत होतं. पुढे पुढे तेही आठवेनासं झालं. तुला मात्र ते रोज रस्त्यावर, न्हाव्याच्या दुकानात, रेडिओवर ऐकावं लागलं. त्याची मला फार लाज वाटते.

तेव्हा मी येते. मंडळीसमोर उभी राहीन. माफी मागेन ती एकाच गाण्याची, आणि दार उघडं होतं हे सगळ्यांदेखत सांगेन. पाद्रींना तेवढी पुरली नाही, तर मागच्या बाकावर बसून आमेन म्हणेन. पंखा बरोबर आणते, काडी मोडली आहे पण चित्र शाबूत आहे.

गाऊ दिलंच, तर ओळी तू सांग. सूर जरा खाली धर. आणि मधेच आवाज फुटला तर घाबरू नकोस. या खेपेला मी आत असेन.

तुझी धाकटी,
जी आली होती,
ओझेला