राखीव वाटेची चाचणी

सोमवार, ३ मार्च

जमलं एकदाचं! औषधांच्या गोदामातल्या वायफायला आता दोन वाटा. मुख्य वाट, म्हणजे मुख्य टनेल, बंद पडलं की दहा सेकंदांत सगळं राखीव टनेलवर. शिवाय दोन्ही टोकांच्या कंट्रोलरवर माहितीचे मोठे गठ्ठे, म्हणजे मोठ्या फ्रेम चालू केल्या – पंधराशेऐवजी नऊ हजार बाइटच्या, म्हणजे खोक्यांचे फोटो एकेका घासात जातील. मुख्य टनेल मुद्दाम पाडलं, पिंग मारलं, म्हणजे 'आहेस का?' असा इवलासा संदेश पाठवला, उत्तर आलं, दिवा हिरवा. चाचणीच्या कागदावर सही ठोकून मोकळी झाले.

गुरुवारी मुख्य लाइन दिवसभर दुरुस्तीला बंद. आणि गुरुवारीच आईच्या खुब्याचं ऑपरेशन. साहेब म्हणतात, गोदामात तूच थांब, तुझ्याशिवाय हे कळतं कोणाला? गोड बोलून गळ्यात मारायचं, बस.

मंगळवार, ४ मार्च

दादाचा फोन. रोजच्यासारखा. सगळं ठीक ना? – हो. काही लागलं तर सांग. – हो. चाळीस सेकंद.

ऑपरेशनबद्दल अवाक्षर नाही! आई म्हणते, तिने त्याला पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलंय. येशील का विचारलं, तर त्याला रजा मिळत नाही, हेही तीच सांगते. मग मी कशाला विचारू? माझंही नाक आहे.

आई कपाटातल्या साड्यांच्या पुन्हा पुन्हा घड्या घालतेय. घाबरलीय. मी तिच्यावरच खेकसले. मग स्वतःचाच राग आला.

बुधवार, ५ मार्च

सकाळी रंगीत तालीम. राखीव टनेलवर गेलो – दिवा हिरवा, खोक्यांचे नंबर झरझर जाताहेत, फोटो मात्र एकही नाही. गोदामातल्या बाई म्हणाल्या, नुसतं चाक फिरतंय. फोटोशिवाय एकही खोकं बाहेर पडत नाही, आणि यातली बरीच खोकी दवाखान्यांची.

दोन तास दोन्ही कंट्रोलर ओळीला ओळ लावून पाहिले. इकडे नऊ हजार, तिकडे नऊ हजार.

केबलवाले काका चहाचा कप घेऊन मागे उभे. म्हणाले, "दोन्ही टोकं बघितलीस. मधल्या स्विचला विचारलंस का?"

नाही विचारलं! राखीव वाट दोन टोकं जोडणाऱ्या जुन्या स्विचमधून जाते आणि तो अजून पंधराशेवरच. लहान काही आलं की सोडतो, मोठं आलं की गपचूप टाकून देतो. तक्रारसुद्धा करत नाही. आणि मी चाचणी केली कशाने? चिमूटभर पिंगने! कुठल्याही नवशिक्याला कळतं, मोठ्या फ्रेमची चाचणी मोठ्याच पिंगने करायची.

स्विच बदलला. मोठं पिंग गेलं. फोटो गेले. साहेबांना जाऊन सांगितलं, सोमवारची सही खोटी होती. त्यांनी नवा कागद पुढे केला.

संध्याकाळ

घरी आल्यापासून बसवत नाहीये. या खोलीतून त्या खोलीत. दादाकडे मीसुद्धा वर्षानुवर्षं 'ठीक आहे' एवढंच पाठवतेय. मोठं काही मागितलंच नाही कधी. तो नाही म्हणेल याची भीती वाटते, खरं तर. नाकबिक सगळं नुसतं म्हणायला.

आई शेजारी बसायला गेलीय. तेवढ्यात फोन लावते.

गुरुवार, ६ मार्च

दादा रात्रभर प्रवास करून पहाटे दारात. महिन्याची रजा टाकून, भलीमोठी बॅग घेऊन. काल फोनवर मी म्हटलं, "दादा, मला एकटीला झेपत नाही, उद्या ऑपरेशनला ये," आणि नकाराची वाट बघत बसले. मग तो म्हणाला, "कसलं ऑपरेशन?"

आईने त्याला सांगितलंच नव्हतं; रजेचं कारणही तिनेच रचलेलं.

आत्ता तो हॉस्पिटलात तिच्याजवळ आहे. मी गोदामात. फोटो जाताहेत.