कांडीवरचं नाव

४ फेब्रुवारी २००३
मला अक्षर येत असतं तर या वैदेहीची मिनतवारी केली नसती. मी सांगायचं आणि नातीनं लिहायचं, असं ठरलंय — पण ती मलाच शिकवत बसते. कॉलेजात लोखंडाच्या कांड्या मोडते म्हणे. 'आजी, एकदम नाही मोडायच्या. वजन टांगून गरागरा फिरवायच्या. लोखंड दमतं, मग तुटतं.' काहींची कंबर गोलाईनं बारीक होत गेलेली, काहींना काटकोनात पायरी. लोखंड एकच. पायरीच्या आधी तुटतात, कमरेच्या टिकतात, हे तिला दाखवायचंय. ठाऊक आहे तर मोडतेस कशाला गो? पेन आपटलंन.

५ फेब्रुवारी
माझा हरी दुकानात दिवसभर लोकांच्या भांड्यांवर नावं घालतो, तरी हात शिवशिवतात. कॉलेजात कुणी ढापेल म्हणून लेकीच्या कांड्यांवरही यंत्रानं नाव घातलंन. पायरीच्यांवर जाड टोकाला, बाकीच्यांवर थेट कमरेवर. 'आई, तिथं अक्षर उठून दिसतं.' रुखवतात मांडायच्यात काय रे?

१९ फेब्रुवारी
सगळं उलटं! कमरेच्याच आधी तुटल्या. सर म्हणाले, 'तुझं काहीतरी चुकलंय.' हरी म्हणाला, 'यंदा अडकलीस तर शिक्षण पुरे. दुकानात बस.' पोर जेवली नाही. एवढी फणसाच्या कुयरीची भाजी मी एकटीनं संपवायची होय?

२० फेब्रुवारी
तिनं तुकडे भिंगाखाली धरले. तडा प्रत्येक कांडीत नावातूनच गेलेला. 'वैदे' एका तुकड्यावर, 'ही' दुसऱ्यावर. यंत्राच्या सुईनं जिथं खाच पाडली तिथंच लोखंडानं हार खाल्ली, म्हणते. मला वाचता येत नाही, पण मोडलेलं नाव दिसतं. हरीला दाखवलं. आज दुकान उघडायचं सोडून पडवीत तुकडे जुळवत बसला.

२१ फेब्रुवारी
बाप-लेक लेथवाल्याकडे गेलीत, नव्या कांड्या कातून घ्यायला.

११ मार्च
पायरीच्या केव्हाच मोडल्या. कमरेच्या अजून फिरताहेत. सरांनी आधीचे तुकडेही ठेवून घेतलेन — मुलांना दाखवायला. हरीचं काम कॉलेजात पोचलं एकदाचं.

३ ऑगस्ट
आजपासून लिहायला हरी. वैदेही पहाटे पुण्याच्या गाडीत बसली, नोकरीवर. 'आई, काय लिहू?' म्हणतो. पोर गेली, एवढंच लिही म्हटलं. मघापासून तेवढंच लिहितोय.