अळी निळी दिसते

३ डिसेंबर
तब्येती आधी. हिची कंबर धरलेलीच. नातीचा खोकला उतरला. शेजारी सलीमभाईंचा गुडघा तसाच. त्यांच्या नजमाचे डोळे मात्र रोज लाल. टायपिंगच्या दुकानात दिवसभर बोंडअळीच्या भरपाईचे अर्ज भरून राह्यली, अन् कॉम्प्युटरचा पडदा वीतभर. म्हणून पोरीनं तो भंगारवाल्याले देऊन बदल्यात मोठा जुना मॉनिटर आणला. दोघांनी उचलावा लागतो. प्लग भलताच: तीन जाड नळ्या, दहा बारीक पिना. आजच्या कॉम्प्युटरले बसत नाही.
"काका, तुमच्याच्यानं होईल?"
हो म्हणून बसलो.

५ डिसेंबर
अकोल्याच्या भास्करनं प्लगचा नकाशा पाठवला. आम्ही दोघं एकाच फाटक्या पुस्तकावर रेडिओ शिकलो. केबल कापली, कावीया तापवून कथलाचे डाग दिले. तीन नळ्यांत तीन रंग: तांबडा, हिरवा, निळा. दुपारी चित्र आलं. नजमाच्या हातचा चहा. घरी आलो तरी जीव थाऱ्यावर नाही. काऊन, कळत नाही.

८ डिसेंबर
सोनाळ्याचे शालिग्रामभाऊ अर्ज परत घेऊन आले. ऑफिसातल्या बाबूनं अर्जावरचा अळीचा फोटो पाहून विचारलं, निळी अळी कोणती हो?
"गुलाबी अळीनं माही कपाशी खाल्ली, अन् नजमाबाई तिले जांभळं चारून राह्यली."
नजमा रडवेली. पडद्यावर अळी निळी दिसे, म्हणून तिनं रंग फिरवून फिरवून गुलाबी केली. छापून आली ती निळी.
नकाशा काढून पाहिला. तो प्लगच्या तोंडाकडून काढलेला. मी डाग दिले पाठीकडून. तांबडा निळ्याच्या जागी, निळा तांबड्याच्या. हिरवा मधला, म्हणून पानं बरोबर दिसली अन् मले शंका आली नाही. इतकी वर्षं डाग देतो मी.
सांगितलं, चूक माही. "जाऊ द्या काका." जाऊ कसं द्यावं...

९ डिसेंबर
तारा फिरवल्या. अळी गुलाबी. नऊ अर्ज पुन्हा करायचे. सहा झाले, मग चित्र थरथरलं अन् गेलं. शालिग्रामभाऊ सातवे.

१० डिसें.
मॉनिटर तीनदा उघडला. थंड असला की थोडा चालतो, तापला की अंधार. अर्जाची शेवटची तारीख परवा. भास्करले मेसेज केला, तोच इथं उतरवतो:
"तुही साखर कशी आहे? वहिनी बऱ्या? इकडं शालिग्रामभाऊ सकाळपासून दुकानाच्या बाकावर, कागद मांडीवर धरून. माह्याकडं पाहतात. तीन नळ्यांचं ग्राउंड, बाहेरची जाळी, वेगवेगळं ठेवावं लागते काय? मी एकत्र केलं. का हा मॉनिटरच थकला? जे असेल ते लिही बापा, वाचल्याबरोबर. मी कावीया गरम ठेवतो."